पहिल्या हाकेची ओ

जळोचीच्या टोकाला, जिथं तेव्हा घरं संपायची आणि ऊस सुरू व्हायचा, तिथं बुद्धभूषणनं दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. साल एकोणीसशे चौऱ्याण्णव. मार्चातल्या एका संध्याकाळी बारामतीहून सायकलवर घरी येताना तो वाटेत एका दुकानापाशी थांबला आणि त्यानं दोनशे पानी वही मागितली. "मोठ्या रेघांची द्या," तो दुकानदाराला म्हणाला. "पोरगी बोलायला लागलीय." दुकानदारानं पोरीचा आणि वहीचा संबंध लावून पाहिला, लागला नाही, आणि मुकाट्यानं वही काढून दिली.

माणूसच तसा होता. एका ऊस बेण्याच्या फार्मवर तो निरीक्षक होता. दर सोमवारी पट्टी घेऊन उसाची उंची मोजायची, फुटवे मोजायचे आणि रकान्यात लिहायचे, हे त्याचं काम. जित्याची खोड ती, घरी आली म्हणून थोडीच सुटते? पहिली मुलगी झाली, प्रियदर्शनी, लाडाची दर्शू, आणि ह्यानं पहिला दात, पहिलं रांगणं, पहिलं पाऊल अशा तारखा कॅलेंडरवर लिहायला सुरुवात केली. आता तर तेरा महिन्यांची पोर बोलायला लागली, तेव्हा कॅलेंडर पुरेना. नव्या वहीत त्यानं चार रकाने आखले: तारीख, शब्द, कुणाकडून शिकली, शेरा.

"अहो, लेकरू आहे ते, ऊस नाही," त्याची बायको करुणा म्हणाली. ती बारामतीच्या एका दवाखान्यात नर्स होती. रोज दहा लेकरं बघायची, त्यामुळं तिला कशाचीच घाई नव्हती. पण 'बाळाची वाढ' हा भिंतीवरचा तक्ता तिनंच आणून दिला होता, म्हणजे आग तिनंच लावली म्हणायची.

वही भराभरा भरत गेली. 'मम्मं', आईकडून. 'भूभू', शेजारच्या कुत्र्यामुळं. 'न्हाय', आजीकडून. त्यापुढं शेरा: 'नाही असे शिकवावे.' आजी म्हणजे बुद्धभूषणची आई, मालनबाई. तिला हा शेरा वाचून दाखवला तेव्हा ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "नाही म्हणू दे न्हायतर न्हाय म्हणू दे. पोरीला जे नगं ते नगंच हाय." आणि ज्या दिवशी दर्शूनं त्याच्याकडं बोट करून 'पप्पा' म्हटलं, त्या दिवशी बुद्धभूषणला हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. फार्मवरच्या सगळ्यांना त्यानं पेढे वाटले. लोकांना वाटलं, बढती मिळाली.

एकच ओळ मात्र त्याला छळत होती. तक्त्यात लिहिलं होतं, वर्षाच्या आत बाळ आपल्या नावाच्या हाकेला प्रतिसाद देतं. दर्शू देत नव्हती. तो हाक मारायचा, थांबायचा, दुसऱ्यांदा मारायचा, आणि पोरगी वाटीवर चमचा वाजवत बसायची. दोन वेळा हाक मारून तो वहीत लिहायचा, 'प्रतिसाद नाही.' पोरीला ऐकू येत नसेल तर? बोलते आहे खरी, पण कमी येत असेल तर? ह्या एका भीतीनं त्याची झोप उडाली. शेवटी तो तिला घेऊन डॉक्टरांकडं गेला. डॉक्टरांनी तिच्या पाठीमागं टाळी वाजवली, पोरगी दचकून रडायला लागली. कान ठणठणीत होते.

उलगडा झाला तो एप्रिलात. फार्मवरून तो लवकर आला होता. सायकल लावताना खिडकीतून त्याला दिसलं, मालनबाई दाराआड उभी राहून हाक मारतेय. "दर्शू…" पोरगी मान वर करून बघते, पण गप्प. "दर्शू…" तरी गप्प. "दर्शू…" आणि तिसऱ्या हाकेला पोरगी टुणकन उठली, "ओ" म्हणाली, डुलत डुलत आजीकडं गेली. आजीनं तिच्या तोंडात गुळाचा खडा घातला.

आधी त्याला एवढा आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. मग राग आला.

"आई, हे काय शिकवतेस तिला?"

"तिसऱ्या हाकंला ओ द्यायची," मालनबाई म्हणाली. "आमाला शिकीवलं तसंच. ज्याचं त्याचं माणूस तीनदा हाक मारतं. दुसरं जे काय असतंय, त्याला दोनच्या फुडं जाता येत न्हाय."

"दुसरं म्हणजे काय?"

तिनं गुळाचा डबा झाकून फळीवर ठेवला.

"आपण हे सगळं सोडलं ना, आई? आबांनी छप्पन साली दीक्षा घेतली ती कशासाठी? माझ्या घरात भूतखेत नको."

"देव सोडलं, भूतं सोडली," ती हळूच म्हणाली. "सोडायचं त्ये समदं आमी सोडलं, भूषण. पर त्येनी आपल्याला सोडलं का, त्ये कुणाला ठावं?"

त्यानं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यानं पोरीला मोडून पुन्हा घडवायला घेतलं. दाराआड लपायचं, एकदाच हाक मारायची, ओ आली तर गूळ, नाही आली तर काही नाही. पंधरा दिवस लागले. मे महिन्यात एका सकाळी तो घराजवळचा ऊस चाचपत उभा असताना नुसतं "दर्शू" म्हणाला, आणि अंगणातून खणखणीत आवाज आला, "ओ!" त्यानं पोरीला खांद्यावर घेऊन घराभोवती तीन फेऱ्या मारल्या. वहीत लाल शाईनं लिहिलं: 'पहिल्याच हाकेला ओ.' मालनबाई उंबऱ्यात बसून बघत होती. तिनं त्या दिवशी दुपारी जेवण केलं नाही.

मग तो रोज मोजायला लागला. हाका किती, ओ किती. सोमवारी हाका दहा, ओ दहा. मंगळवारी बारा, बारा. जूनच्या अखेरीस एकदा हाका नऊ झाल्या आणि ओ दहा. आपलंच मोजणं चुकलं असेल म्हणून त्यानं खाडाखोड केली. पुढच्या आठवड्यात हाका आठ, ओ अकरा. तेव्हा मात्र त्याला मोठी मौज वाटली. करुणाला म्हणाला, "बघ, खेळ समजला तिला. आता स्वतःच मनात हाक ऐकते आणि ओ देते. कल्पनाशक्ती!" करुणा हसली. पण त्यानं हे कधी लिहिलं नाही, की त्या जास्तीच्या ओ देताना पोरगी दरवेळी मागच्या दाराकडं बघायची. मागं चारी होती, कालव्याचं पाणी शेतांना नेणारी, आणि चारीच्या पलीकडं ऊस.

सप्टेंबरातली दुपार. पाऊस उघडलेला, वारा पडलेला, ओल्या मातीचा आणि कुजक्या पाचटाचा वास घरभर. बुद्धभूषण खाटेवर बसून वही चाळत होता, दर्शू त्याच्या पायाशी. अचानक ती म्हणाली, "ओ."

"कुणी हाक मारली गं, दर्शू?" त्यानं विचारलं.

"पप्पा."

"मी नाही मारली, राणी. पप्पा तर इथं बसलेत."

पोरीनं त्याच्याकडं नीट बघितलं. मग मागच्या दाराकडं बोट केलं. "तितं पप्पा."

आणि काय सांगावं, हा माणूस उडीच मारून उठला. दोन शब्द! दोन शब्द जोडून पहिलं वाक्य! तक्त्यात दीड वर्षाच्या पुढं लिहिलं होतं, बरोबर वेळेवर आलं. त्यानं तारीख घातली, वाक्य लिहिलं, शेऱ्यात 'तिथं असे शिकवावे' हेही लिहिलं. काय लिहिलं ते मात्र त्यानं वाचलं नाही. संध्याकाळी त्यानं मोठ्या उत्साहानं ते आईला वाचून दाखवलं.

मालनबाईच्या हातातलं सूप खाली आलं.

"तुझ्या आदी एक व्हती," ती म्हणाली. "रतन. तुला कदी सांगितलं न्हाय. आपण बावड्याला व्हतो. एवढीच व्हती, हिच्यायेवढी. तुजा बा मळ्यात, मी चुलीम्होरं. पोरगी अंगणातनं म्हणाली, 'ओ, बा…' आन् गेली. मला वाटलं, बापानं बोलावलं असंल. सांजच्याला ह्ये घरी आलं, एकलंच. म्हणालं, मी कुटं हाक मारली…" तिनं सूप बाजूला सारलं. "वढ्याच्या डव्हात घावली. दोन हात वर केल्यालं… कुणीतरी उचलून घ्यावं तसं."

बुद्धभूषणनं वही मिटली. मग म्हणाला, "अपघात होता तो, आई." पण दुसऱ्या दिवशी त्यानं मागच्या दाराला नवी कडी बसवली. भीती वाटली म्हणून नाही, असं त्यानं करुणाला दोनदा सांगितलं.

ऑक्टोबरातला रविवार. चारीला पाणी सुटलं होतं, काठोकाठ. करुणा ड्युटीवर, मालनबाई शेजारी गेलेली. कडक ऊन. धुणं वाळत घालायला तो मागं जाऊन आला होता आणि कडी लावायची राहून गेली होती. तो वहीत मागच्या महिन्याच्या शब्दांची बेरीज करत होता. त्रेसष्ट शब्द! तेवढ्यात मागून "ओ" आली आणि छोट्या पावलांचा आवाज. धावल्याचा. त्यानं आधी घड्याळात बघितलं, कारण दर्शू आजवर कधी धावली नव्हती. वेळ लिहिली. मग त्याच्या लक्षात आलं, की आपण हाक मारलेली नाही.

तो दारात पोहोचला तेव्हा ती चारीच्या काठावर उभी होती. वीस पावलांवर. तोंड उसाकडं. उसात काही नव्हतं. पान हलत नव्हतं, आणि इतका वेळ किरकिरणारे किडे एकाएकी गप्प झाले होते. दर्शूनं दोन्ही हात वर केले होते, तो उचलून घ्यायला वाकला की करायची तसे.

धावावं, तर पाठशिवणीचा खेळ समजून ती पुढं पळेल. पुढं पाणी होतं.

"दर्शू…" त्यानं हाक मारली.

तिनं मागं वळून बघितलं. "ओ," ती म्हणाली. पण लगेच उसाकडं वळली आणि तिकडंही म्हणाली, "ओ." एक पाय पुढं टाकला. काठाची माती पाण्यात सुटली.

"दर्शू…"

"ओ." पुन्हा उसाकडं, "ओ…" आणि मग ती थांबली. एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. चेहऱ्यावर कसलाच गोंधळ नव्हता. ती वाट बघत होती. बुद्धभूषणला एकदम कळलं ती कशाची वाट बघतेय. आजीचं शिकवलेलं तो पुसू शकला नव्हता. आयुष्यात कुठल्या शब्दासाठी त्यानं एवढा जीव एकवटला नव्हता.

"दर्शू."

उसात काहीतरी एकदाच सळसळलं. पोरगी वळली आणि धावत येऊन त्याच्या पायांना बिलगली. त्यानं तिला उचललं, छातीशी दाबलं, रडला, हसला, तिच्या ओल्या तळव्यांचे मुके घेतले. खांद्यावरून उसाकडं बघत ती आनंदानं म्हणाली, "दोन पप्पा."

दोनपर्यंत मोजणं तक्त्यात दोन वर्षांच्या पुढं होतं. त्यानं लिहिलं नाही. वही त्यानं ट्रंकेच्या तळाशी टाकली.

मालनबाई आली, तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं आणि तिच्या पायाशी बसून म्हणाला, "आई, उद्यापासून तूच शिकव तिला." तिनं नुसता त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. घर हलकं झालं. दिवेलागणीला करुणा आली, तिनं भात टाकला, दर्शू बापाच्या खांद्यावर मान टाकून झोपली. तो तिला थोपटत खोलीत येरझाऱ्या घालत होता. तिचा उबदार श्वास त्याच्या मानेवर येत होता. असा सुखाचा दिवस आपण कधी पाहिला नाही, असं त्याला वाटत होतं.

"पप्पा…"

"ओ," बुद्धभूषण म्हणाला.

मालनबाईनं हातातलं ताट खाली ठेवलं. झोपलेल्या पोरीकडं बघितलं, मग मागच्या दाराकडं, मग त्याच्याकडं.

"भूषण," तिनं हळूच विचारलं, "कुणाला ओ दिलीस रं?"