काचेपलीकडची ताई

"सांग ना ताई! मुद्दाम केलंस ना तू?"

भावानं ताट इतक्या जोरानं ढकललं की पाण्याचा पेला लवंडला. भावजय फडकं घेऊन धावली आणि ताई... ताई नुसती त्याच्या ओठांकडे पाहत राहिली.

"चाळीस मिनिटं माझा आवाज फाटून बाहेर जात होता! लोक फोन करून करून थकले. फोन तुझ्या हाताशी, आणि तुला तो एकदाही उचलावासा वाटला नाही? रेडिओ स्टेशन विकायचं नव्हतं, तर सरळ तोंडावर सांगायचंस! असा केसानं गळा का कापलास माझा?"

बाबांनी हौसेनं उभं केलेलं ते छोटंसं रेडिओ केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि मधे एक जाड काच. काचेच्या या बाजूला बटणांच्या पाटासमोर ताई, त्या बाजूला माईकसमोर भाऊ. अख्ख्या गावाला त्याचा आवाज तोंडपाठ होता. ताई मात्र गावाच्या खिजगणतीतही नव्हती. पुढे ऐकणारे हळूहळू पांगले, जाहिराती आटल्या आणि दारावर 'विकणे आहे'ची पाटी लागली. बऱ्याच दिवसांनी एक गिऱ्हाईक आलं. त्यानं शब्द दिला होता, सकाळचा कार्यक्रम गाडीत बसून ऐकतो, पसंत पडला तर केंद्र आहे तसं चालवीन आणि माईकवर तुम्हीच राहाल. भावाचा जीव त्या एका सकाळवर टांगलेला होता. आणि नेमक्या त्याच सकाळी हे असं व्हावं!

झालं काय होतं ते जगात एकट्या ताईला ठाऊक होतं. तिला ऐकू येत नव्हतं. थोडं नाही, काहीच नाही! बाबा गेले तेव्हा भाऊ शाळेत होता आणि आवाज बाहेर पाठवणाऱ्या मोठ्या यंत्राजवळ बसायला माणूस ठेवणं परवडत नव्हतं. म्हणून ताईच उभ्या तारुण्याची वर्षं त्या घरघरत्या यंत्राला टेकून बसली. स्थळं आली तशी परत गेली. त्या घरघराटानं आधी एक कान गेला, दोन वर्षांपूर्वी दुसराही. तेव्हापासून ती आवाज मोजणाऱ्या काट्याकडे बघून आवाज कमी-जास्त करायची आणि ओठ वाचून जगायची. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणता? घरासाठी राबणाऱ्या बाईनं हाकेला ओ दिली नाही, तर 'कामात असेल' म्हणायला आपण सगळेच तयार असतो!

त्या सकाळी काटा अडकला, आणि अडकला तोही नेमका आवाज ठीक असल्याचं दाखवणाऱ्या जागी. ताईनं त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला. भावाच्या कानावरच्या हेडफोनात त्याचा आवाज थेट माईकवरून यायचा, त्यामुळे त्यालाही काही कळलं नाही. बाहेर मात्र नुसता खरखराट! गिऱ्हाइकानं गाडीतून उतरता उतरता निकाल दिला, "केंद्र घेतो, माणसं नकोत. गाणी आमच्याकडूनच लागतील."

खरं एका वाक्यात सांगता आलं असतं. पण भाऊ रोज कार्यक्रम संपवून बाहेर येई आणि परीक्षेहून आलेल्या पोरासारखा विचारी, "ताई, कसं झालं?" ती म्हणे, "छान झालं!" ऐकणारे पांगत गेले तशी त्या दोन शब्दांवरच त्याची उमेद टिकून राहिली होती. गेली दोन वर्षं ते शब्द एका बहिऱ्या बाईनं म्हटले, हे त्याला कसं सांगायचं? त्यापेक्षा आपल्या माथ्यावर खापर फुटलेलं परवडलं...

"हो," ती म्हणाली. "मुद्दाम केलं."

भावाचा चेहरा पांढराफटक पडला. त्या दिवसापासून त्यानं तिच्याकडे पाठ फिरवली. केंद्रावर काही निरोप द्यायचा झाला, तरी भिंतीकडे बघून बोलायचा आणि निघून जायचा. त्याला वाटायचं, आपण फक्त रुसलो आहोत; पण तिच्या निःशब्द जगाचं उरलंसुरलं एकच दार होतं, ते तो रोज लावून घेत होता! ती बिचारी आरशात, खिडकीत, जिथे मिळेल तिथे त्याच्या ओठांचा कोपरा शोधत राहायची.

शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी सहाला निरोपाची घोषणा व्हायची होती. भाऊ आत आला, तेव्हा ताई पाठमोरी बसून पाटावरची धूळ पुसत होती. तिच्या पाठीला उद्देशून तो म्हणाला, "जाताना एवढंच सांगतो, तुला मी कधीही माफ करणार नाही!"

ताई धूळ पुसत राहिली.

"ऐकलंस का? ताई! ए ताई!"

तिच्या कोपराजवळचा फोन वाजू लागला. वाजतच राहिला... तिनं त्याच्या शेजारून फडकं फिरवलं, फोनवरची धूळही मायेनं पुसली, आणि तिच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही. भावाच्या पायांखालची जमीनच सरकली. तो पुढे धावला आणि तिला खांद्यांना धरून वळवलं.

"ताई, फोन वाजतोय..."

ताईनं त्याचे ओठ वाचले, मग फोनकडे पाहिलं, आणि चोरी पकडलेल्या मुलीसारखी तिची मान खाली गेली. भावानं तिची हनुवटी वर उचलली.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"मला का नाही सांगितलंस गं? आणि ते... रोजचं 'छान झालं'?"

"काचेतून तुझा चेहरा दिसायचा ना," ती हळूच म्हणाली. आपण ओरडतो की काय या धास्तीनं ती हल्ली फार हळू बोलायची. "तू मनापासून बोललास की मला कळायचं रे. खोटं नाही बोलले मी. एखाद्या दिवशी चेहरा पडलेला असायचा, तेव्हा मात्र बोलले..."

तो धाय मोकलून रडत तिच्या पायांशी बसला. "मी तुला काय काय बोललो ताई! पाठ फिरवून बोललो!"

"जाऊ दे," ती डोळे पुसत हसली. "त्यातलं मी काही ऐकलं नाही."

पण आता कशाचाच उपयोग नव्हता. सह्या होऊन गेल्या होत्या. सहा वाजता भाऊ माईकसमोर बसला, आणि आयुष्यात प्रथमच त्यानं माईककडून तोंड फिरवून पूर्ण काचेकडे केलं. ताईनं सवयीनं हात हलवला, माईकजवळ ये, आवाज पडतोय! त्यानं मान हलवून नकार दिला. एकेक शब्द सावकाश, ओठ नीट उघडून, तो बोलू लागला.

"श्रोतेहो, आवाज लांबून येत असेल, तर क्षमा करा. आजचं मी समोर बसलेल्या माझ्या ताईला सांगतोय. तिनं आपले कान देऊन हा आवाज तुमच्या घरी पोचवला. इतक्या वर्षांत मी तिचं साधं नावही घेतलं नाही. आमचं केंद्र आता बंद होत आहे. ताई, आता तू बंद कर. नमस्कार."

त्याचे ओठ मिटले. अजून काही म्हणेल म्हणून ताई थोडी थांबली, मग तिनं खटका खाली ओढला. तिच्यासाठी काहीच बदललं नाही. काचेपलीकडे मात्र भावानं दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबून धरले होते, आणि तो तिच्याकडे पाहत तसाच बसून होता.