जुन्या नाक्याजवळचे दगड

बसा, कुंदाकाकू. दिवा जवळ असू द्या, आणि थोडं हळू बोलू. अंबरीश आतल्या खोलीत आहे.

तुम्ही परवा विचारलंत ना, तुझा बडबड्या भाऊ असा गप्प काहून झाला? तेव्हा मी विषय बदलला. पण आता पोटात ठेववत नाही. कोणाला तरी सांगितलंच पाहिजे.

गोहलपुरातलं आमचं वर्कशॉप तुम्ही पाहिलंय. तिथे आम्ही अख्ख्या डोंगराचं मॉडेल तयार केलं होतं. पर्वतातल्या त्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी पर्यटकांसाठी नवं माहिती केंद्र बांधलं, त्याच्या मधोमध ते ठेवायचं होतं. बटण दाबलं की चालू फाटकांवर बारीक पांढरे दिवे लागणार. वरचा जुना नाका कित्येक वर्षांपासून बंद, म्हणून तिथे दिवा नव्हताच. सगळं वायरिंग माझ्या हातचं आहे, त्यामुळे हे मी छातीठोकपणे सांगते.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आम्ही मॉडेल घेऊन निघालो. जबलपूर सोडलं तसे खड्डे सुरू झाले, आणि पोहोचून बघते तर डोंगराचं शिखरच तुटलेलं. माझं डोकं फिरलं. अंबरीश मात्र हसत होता.

"ताई, तू काहून टेन्शन घेऊन राहिली? डोंगराला दगडच लावतो न. एकदम असली माल!"

तो शिट्टी वाजवत वरच्या रस्त्यानं गेला आणि एक काळा, टोकदार दगड घेऊन आला. मापानं कापून घेतल्यासारखा बसला तो. आम्ही चिकटवून टाकला. मला बाई फार कौतुक वाटलं त्याचं.

संध्याकाळी फाटकावरचा श्यामसुंदर चहा घेऊन आला. मॉडेलकडे लक्ष जाताच त्यानं कप तसाच खाली ठेवला.

"भैया... ये पत्थर कहाँ से लाए?"

"ऊपर, पुराने नाके के पास से. ढेर लगा है वहाँ."

"वो ऐसा-वैसा ढेर नहीं है, भैया. वहाँ शेर आदमी को ले गया था."

त्या भागात अशी रीत आहे, काकू. जंगलात जिथे माणसाचा जीव जातो, तिथून येणारा-जाणारा एकेक दगड ठेवत जातो. बायका डोक्यावरची मोळी उतरवून दगड ठेवतात, गुराखी ठेवतात. उचलत मात्र कोणी नाही.

"उठाया तो क्या होता है?" अंबरीशनं चेष्टेनं विचारलं.

"पता नहीं, भैया. आज तक किसी ने उठाया ही नहीं."

तेवढ्यात मॉडेलवर जुन्या नाक्याच्या जागी दिवा लागला. तांबूस, मिणमिणता. प्लग अजून माझ्या हातात होता. खोलीत ओल्या केसाळ कातड्याचा वास पसरला, आणि कोपऱ्यात काहीतरी जड श्वास घेतंय असं वाटायला लागलं. कोपरा तर रिकामा होता.

अंबरीशचं हसू मावळलं. त्यानं पटाशी घालून दगड उचकटला.

"ठेवून येतो. हा गेलो न हा आलो."

"सुबह चले जाना, भैया," श्यामसुंदर म्हणाला. पण अंबरीश दारात पोहोचलाही होता. तेव्हा श्यामसुंदर मागून ओरडला, "आप आओगे, तब तक फाटक नहीं गिराऊँगा!" तिथला नियमच तो. आत गेलेला प्रत्येक जण बाहेर आल्याशिवाय फाटकाचा दांडा खाली येत नाही.

मी मॉडेलपाशी थांबले. बसवेना, उभंही राहवेना. मग दुसरा दिवा दिसला. केंद्रापासून निघून तो वरच्या रस्त्यानं हळूहळू सरकत होता. तो अंबरीश होता, मला तेव्हाच कळलं. दिवा नाक्याशी पोहोचला, तांबूस दिव्यात मिसळून गेला... आणि कितीतरी वेळ हललाच नाही. मी देवाचं नाव घेत होते. शेवटी दोघांतला एक वेगळा झाला आणि खाली येऊ लागला. दुसरा तिथेच राहिला. माझा जीव भांड्यात पडला.

अंबरीश आत आला. श्यामसुंदरनं दांडा खाली सोडला. "ठेवलास ना?" मी विचारलं. त्यानं नुसती मान हलवली. कधीही मला स्टिअरिंगला हात लावू न देणारा माझा भाऊ मुकाट्यानं मागच्या सीटवर जाऊन बसला. विजय नगरला घरी पोहोचेपर्यंत गाडीत तोच ओला वास होता.

आता तो जेवतो, झोपतो, हाक मारली की ओ देतो. मी मनाला समजावत होते, घाबरलाय, होईल ठीक.

आणि काल श्यामसुंदरचा फोन आला. म्हणाला, "दीदी, मॉडल की वो लाल बत्ती तार काटने पर भी नहीं बुझती." मग आवाज खाली आणून म्हणाला, "और... पुराने नाके पर, उस ढेर के बगल में एक नया ढेर बन रहा है. लकड़ी वाली औरतें पत्थर रखके जा रही हैं. पूछो तो कहती हैं, यहाँ अभी-अभी कोई गया है... दीदी, भैया ठीक हैं न?"

"ठीक हैं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? माझा एकुलता एक भाऊ आहे हो तो. मी रात्रभर त्याच्या दाराशी बसून त्याचा श्वास ऐकत होते, आणि मला त्या श्वासाचीच भीती वाटत होती.

थांबा... बाहेर अंधारलं का? ही त्याची वेळ. रोज दिवेलागणीला तो उठतो आणि दारात येऊन उभा राहतो. बघा, पडदा हलला. तुम्ही उठू नका, काकू, त्याचं आपल्याकडे लक्ष नसतं. रोजचंच एक वाक्य बोलेल आणि परत जाईल. आवाज अगदी आमच्या अंबरीशचा आहे, फक्त लांबून आल्यासारखा. ऐका...

"ताई... श्यामसुंदरला सांग न, फाटक लावू नको म्हणाव. मी येऊन राहिलो..."