बाबांना ऐकू आलेला फोन

मुलुंडला पाच रस्त्यापासून दोन मिनिटांवर, एका डेअरीच्या वरच्या मजल्यावर माझं कानतपासणीचं क्लिनिक आहे. आत ध्वनिरोधक म्हणवणारी एक छोटी खोली, बाहेर सहा खुर्च्या. त्या खुर्च्यांवर बसून लोक फोनवर जे ओरडतात, तसं भाजीवालेसुद्धा ओरडत नाहीत. फोन पापडासारखा आडवा तोंडापुढे धरायचा, स्पीकर लावायचा आणि मेहुण्याच्या पोटाची तक्रार अख्ख्या क्लिनिकला ऐकवायची. मी आत एखाद्या आजोबांच्या कानात बारीकसा 'टूं' सोडत असते आणि बाहेरून येतं, "अरे, जुलाब थांबले का?" माझं डोकं फिरतं. काउंटरवरची चेतना म्हणते, "मॅडम, सोडा ना, बीपी वाढेल." पण मी सोडत नाही. आवाज माणसाचं काय करतो, ते मी घरात पाहिलंय.

माझे बाबा, लवू परब, गिरणीत लूमखात्यात होते. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचंही ऐकू येत नसे, म्हणून ती माणसं नुसते ओठ हलवून बोलत आणि खात्याच्या दुसऱ्या टोकाला ते बरोबर पोचे. निम्मे कान मागांनी नेले, उरलेले एका तापाने. मी बोलायला लागले तोवर सगळं संपलं होतं. मी हे शिक्षण घेतलं ते त्यांच्यासाठी, आणि नेमकं त्यांचंच मला काही करता आलं नाही. त्यांना कुठलंच यंत्र चालत नाही, नसच मेली आहे. आई गेल्यापासून ते दुपारी क्लिनिकमध्ये येऊन बसतात. मी काचेतून ओठांनीच विचारते, चहा? ते ओठांनीच सांगतात, अर्धा. माझा आवाज त्यांनी आयुष्यात ऐकलेला नव्हता. एकदा ऐकावा, एवढंच मला हवं होतं.

जानेवारीतल्या एका मंगळवारी देवदत्त नावाचा माणूस आईचं कानाचं यंत्र दुरुस्तीला घेऊन आला. बसल्या बसल्या त्याचा फोन सुरू झाला. "हां, बोला! मग? अहो, जरा मोठ्याने!" स्पीकरमधून नुसती चर्र येत होती, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. पेशंटला तसंच सोडून मी त्याला झापायला बाहेर आले.

तेवढ्यात बाबा हसले.

ते पेपर वाचत होते. त्यांचं देवदत्तकडे लक्षही नव्हतं. मी त्यांच्यासमोर जाऊन ओठांनी विचारलं, काय झालं?

"मजेशीर बोलता," बाबा म्हणाले.

कोण?

"फोनातलो." त्यांनी पेपर खाली ठेवला. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "जान्हवी, माका ऐकाक येता."

मी चेतनाकडे वळले. "तुला काय ऐकू येतंय?"

"खरखर. बाकी काय नाय."

"कोण बोलतंय हे?" मी देवदत्तला विचारलं.

तो ओशाळला. "माहीत नाही हो. राँग नंबर असावा. रोज याच वेळेला येतो. मला काहीच ऐकू येत नाही, म्हणून तर मी ओरडतो. पण कट करायला बरं वाटत नाही."

त्याच मिनिटाला मी बाबांना आतल्या खोलीत बसवलं आणि फोन त्यांच्या मांडीवर ठेवला. शेजारी आवाज मोजायचं मशीन लावलं. चर्रचा तेवढा आकडा दिसला, बोलण्यासारखा तो हलेना. हेडफोनमधून मी शंभर डेसिबल सोडले, बाबांना पत्ताही लागला नाही. आणि त्या फोनवर ते दिलखुलास गप्पा मारत होते. पंधरा वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी असं काही पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्या बाबांच्या बाबतीत घडत होतं. मी देवदत्तला म्हटलं, "उद्या या. परवाही या. स्पीकर लावा, हवं तेवढं मोठ्याने बोला." चेतना माझ्याकडे बघतच राहिली.

तो रोज आला. फोनातला माणूस काय म्हणतो, ते बाबा मला सांगू लागले. तो बदली कामगार होता म्हणे. गिरणीत कायम माणसाने खाडा केला की गेटवर उभ्या असलेल्या बदलीवाल्याला त्या दिवसापुरतं काम मिळायचं. कुणी खाडाच केला नाही, तर तो तसाच घरी जायचा.

"चाळीस वर्सा गेटार उभो आसा, म्हणता," बाबा हळहळले. "बिचारो."

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात फक्त कान होते.

शुक्रवारी बाबांनी मला आत बोलावलं. "एक दिस तुझ्या जागेर लाव, म्हणता. बदल्यात कान देतंय म्हणता." ते हसले, पण डोळे माझ्यावरच होते. "बदलीवाल्याक आम्ही कधी नाय म्हणूक नाय. तेचीव चूल पेटूक व्हयी. काय सांगू तेका?"

मी मान हलवली. ओठांनी म्हटलं, हो सांगा.

बाबा फोनवर वाकले. "लाग कामाक," ते म्हणाले.

चर्र थांबली.

बाबांनी वर बघितलं. "पंखा वाजतोय," ते म्हणाले. "बेअरिंग गेलंय."

मी त्यांच्या पाठीमागे गेले आणि अगदी हळू म्हटलं, "बाबा."

ते वळले. "काय गं?"

मी रडले, हसले, पुन्हा रडले. चेतनाने खालून पेढे आणले. तपासणीत विशीतल्या पोरासारखे कान निघाले. मी त्यांच्याशी बडबड बडबड केली, लहानपणापासूनचं सगळं बोलून घेतलं. ते शांतपणे ऐकत होते. "तुझा आवाज छान आहे," म्हणाले. एवढी खूश मी आयुष्यात कधी झाले नव्हते. देवदत्तला तो फोन पुन्हा आला नाही, आणि तोही सुटल्यासारखा दिसला.

शनिवारी काचेतून मी ओठांनी विचारलं, चहा?

बाबा नुसते बघत राहिले. मी पुन्हा विचारलं.

"मोठ्याने बोल ना," ते म्हणाले. "नुसतं तोंड काय हलवतेस?"

आता गरजच काय ओठांची, असं मी स्वतःला समजावलं. बाबा मालवणी बोलायचे बंद झाले, हे चेतनाच्या लक्षात आलं. मी म्हटलं, चार लोकांचं कानावर पडतं, त्याचा परिणाम असणार. एक दिवस ठरला होता. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी शकुबाई तपासणीला आल्या. वय ऐंशी, दोन्ही कान पूर्ण गेलेले. मी त्यांना आतल्या खोलीत बसवलं. त्यांच्या सुनेने बाहेर स्पीकर लावून कुणालातरी "हॅलो, हॅलो" सुरू केलं आणि ती चर्र माझ्या कानावर आली. मी वैतागून उठले.

शकुबाईंनी माझा हात धरला. "बाहेर कोण म्हातारा रडतोय गं?"

मी कागदावर लिहिलं, काय म्हणतोय?

त्यांनी कान दिला. "आमच्या भाषेत नाही बोलत. 'दिस संपलो गो चेडवा, माका हयसून काढ,' असं काहीतरी. आणि जान्हवी, जान्हवी करतोय सारखा."

मी धावले.

सुनेने मला येताना पाहिलं. ती चपापली.

"बंद करू नका," मी ओरडले.

"सॉरी हं मॅडम, फारच मोठा होता ना आवाज," ती म्हणाली. तोवर तिने फोन कट केला होता.

शेजारच्या खुर्चीवर बाबा बसले होते. "बरं केलंत," ते तिला म्हणाले. "लोकांना उगाच त्रास होतो."