नळीच्या टोकाचं वजन

सुई हत्तीच्या मांडीऐवजी वीतभर खाली गेली आणि त्याच्या पुढ्यातल्या उंचवट्याच्या चिखलात रुतली. असं कसं झालं? सकाळीच तेवढ्याच अंतरावरून नेमू या यंत्रमानवाने नारळाच्या बरोबर मध्यावर सुई रोवली होती, आणि तेव्हापासून तो कॅम्पात मान ताठ करून फिरत होता.

तिलारीच्या काठी उभ्या त्या तरण्या हत्तीचा पाय फासाच्या तारेने चिघळला होता. जखम भरायच्या औषधाची एकच सुई उरली होती, आणि कळप नदी उतरायच्या बेतात होता.

"माझा नेम चुकत नाही. बंदूक चुकली," नेमू म्हणाला.

"माणसांकडून एवढं मात्र छान शिकलास," आबोली म्हणाली.

बंदूक तिच्या आजोबांनी, डॉ. गवसांनी बनवलेली. ते जरा दुखावले. "ध्वनिशामक (नळीच्या तोंडावरचा, आवाज गिळणारा डबा) चोख आहे. तापलेला वायू त्याच्या कप्प्यांतून फिरत पसरतो, निवतो. सुईही आवाजापेक्षा सावकाश जाते, म्हणून तिचा वेगळा कडाका नाही. बघ, कळपाने कानही टवकारले नाहीत."

"सकाळी नारळाच्या वेळी होता तो नळीवर?"

आजोबा चष्मा पुसू लागले. "नवी वस्तू गं. सरावात कशाला झिजवायची? कापडात गुंडाळून ठेवला होता."

घरातल्या नव्या कपबशाही आजोबा अशाच पाहुण्यांसाठी राखून ठेवत. ते पाहुणे आबोलीने अजून पाहिले नव्हते.

तिने फूटपट्टी पेटीच्या कडेवर दाबून टिचकी मारली. टर्रर्र. मग टोकाला चिखलाचा गोळा चिकटवून पुन्हा मारली. थरथर संथ झाली.

"अगदी हेच!" आजोबा म्हणाले. "बार उडताना नळीला कंपन (बारीक थरथर) होतं. टोकाला वजन आलं की ते बदलतं, आणि सुई सुटते त्या क्षणी तोंड भलतीकडेच असतं. इथे केसभर, तिथे वीतभर."

"दर वेळी तेवढीच वीत?"

"डबा तसाच घट्ट बसवला तर तेवढीच."

मग पाणी भरलेली, तितक्याच वजनाची सुई दूरच्या खुंटावर मारून पाहिली. वीतभरच खाली. नेमूने बंदुकीवरची दुर्बीण तेवढी जुळवली आणि औषधाची सुई सोडली.

हत्तीने माशी बसल्यासारखी शेपटी झटकली आणि लंगडत कळपामागे पाण्यात उतरला. एकानेही मागे वळून पाहिलं नाही.

"पाहिलात माझा नेम?" नेमू म्हणाला.

आजोबांनी वायरलेस उचलला. "सगळ्या कॅम्पांना कळवा. यापुढे ज्या जोडणीने मारायचं, त्याच जोडणीने नेम तपासायचा. मग कुठल्याही दुखऱ्या जनावराला न बिथरवता औषध पोचेल. काय? नियम कुणाचा म्हणून लिहू, विचारताय?" त्यांनी घसा साफ केला. "लिहा, आबोली गवस. इयत्ता सहावी."