शेजारची सीट

दिवे येईपर्यंत बसा इथेच गच्चीवर. आणि तू रे, मघापासून मोबाइलवर जुन्या गाड्यांचे फोटो चाळतोयस, ठेव तो खाली. मामा मोडता घालतोय असं समजू नकोस. जुनी गाडी घ्यायला माझी अजिबात ना नाही. आमच्या अडेलनेही घेतली होती. त्याचीच गोष्ट सांगतो. ऐकीव नाही हं. निम्मी माझ्या डोळ्यांसमोर घडलीय आणि उरलेली निम्मी ज्याने सांगितली, तो थापा मारणाऱ्यातला नव्हता.

माझं बॅटऱ्यांचं दुकान होतं तेव्हा भिंतीला भिंत लागून त्याचं दुकान. गाड्यांच्या सीटा शिवायचा. खरं नाव कोणालाच आठवत नसे. सगळे त्याला अडेलतट्टू म्हणायचे. म्हणता म्हणता तट्टू गळून पडलं आणि अडेल राहिला. जन्मभर लोकांच्या गाड्यांना गाद्या घातल्या, स्वतः मात्र सायकलवर. पण आईच्या किडन्या गेल्या आणि सायकलचं काही चालेना. आठवड्यातून दोनदा, सोमवारी नि गुरुवारी, शहरात डायलिसिस. त्यात पाळी मिळाली संध्याकाळची. सुटेपर्यंत अकरा वाजायचे, तोवर शेवटची बस निघून गेलेली, आणि टॅक्सीवाले सांगायचे अव्वाच्या सव्वा. दोन खेपा चुकल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, तिसरी चुकवू नका. अडेलला कळायचं ते कळलं.

म्हणून गाडी. त्याच्या खिशाला झेपेल अशी अख्ख्या बाजारात एकच निघाली. मी बरोबर होतो. लोक गाडी घेताना बॉनेट उघडतात, हा पठ्ठ्या आधी सीटांवर हात फिरवत बसला. चालवणाऱ्याची सीट ठीकठाक. शेजारची मात्र पार बसलेली, कापड विरलेलं, कडेची शिवण नखांनी उसवल्यासारखी.

"ह्या गाडीत चालवणाऱ्यापेक्षा शेजारी बसणारंच जास्त बसलंय," अडेल दलालाला म्हणाला.

"नवरा-बायकोची गाडी. मुलाने विकायला दिलीय."

"मग इतकी स्वस्त का?"

"साहेब, महाग करू का?"

झालं. गाडी आली घरी.

पहिल्याच रात्री, परत येताना, शहराचे दिवे मागे पडले आणि गाडी वाजायला लागली. टुंग, टुंग, टुंग. शेजारचा माणूस पट्टा लावत नाही तेव्हा वाजते ना, ती घंटा. शेजारी कोणी नव्हतं. आई मागे पडून होती. घर आलं तशी घंटा थांबली.

दुसऱ्या दिवशी गाडी माझ्या दारात. मी सीटखालची वायर तोडली, दोन्ही टोकांना टेप गुंडाळली आणि म्हटलं, "आता ही घंटा वाजूच शकत नाही."

पुढच्या खेपेनंतर तो आला नि म्हणाला, "तू म्हणालास ते घंटेला जाऊन सांग."

मग काय, बोलणाऱ्यांची तोंडं सुटली. त्याची बायकोही हात जोडून म्हणाली, "अहो, विकून टाका ती अवदसा."

"आणि आईला काय सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेऊ? हे बघ, भिण्याची चैन मला परवडत नाही. ज्यांच्याकडे दुसरी गाडी आहे त्यांनी भ्यावं."

असा तो. खोटं कशाला सांगू, मला त्याचा अभिमान वाटायचा. पण हट्ट आणि अक्कल एका घरात नांदतातच असं नाही. त्याने काय करावं? पान्हा घेतला, चार बोल्ट सोडवले आणि शेजारची सीट उपटून दुकानात आणून टाकली. म्हणाला, "सीटच नाही, आता बसेल कुठे?" मीही टाळी दिली. शेवटी सीटवालाच तो. दुखणं कुठलंही असो, त्याला ते सीटमध्येच दिसणार.

नोव्हेंबरातला गुरुवार होता. सव्वाअकराला ते दवाखान्यातून निघाले. चांदणं नाही, वारा नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आईला मागच्या सीटवर बसवलेलं, आणि पुढची सीट गेल्यामुळे तिचे पाय छान लांब करून दिलेले. अडेल खुशीत होता. शहराचे दिवे मागे पडले. त्याने कान टवकारले. घंटा नाही. अर्धा रस्ता झाला. घंटा नाही. गडी शीळ घालायला लागला.

तेवढ्यात मागून आई म्हणाली, "अरे... पाय कुठे ठेवू?"

"ठेव की पुढे. मोकळंच आहे सगळं."

"मोकळं नाही रे... ती खाली बसलीये."

शीळ थांबली.

"कोण ती?"

"ती रोजची. आज खाली बसावं लागलं बिचारीला."

म्हणजे आईला ठाऊक होतं. पहिल्या रात्रीपासून. पोराला गाडी विकावी लागू नये म्हणून म्हातारी गप्प होती.

अडेलने गाडी बाजूला घेतली. आतला दिवा लावला. शेजारी काही नव्हतं. उघडा पत्रा. चार भोकं. आणि आईचे पाय... जमिनीला टेकलेले नव्हते. थोडे वर होते. कोणी मांडीवर घ्यावेत तसे.

"आई, पाय मागे घे."

"घेतेय रे... सोडत नाहीये."

तेव्हा त्याला कळलं आपण काय करून बसलो ते. इतके दिवस जे होतं ते त्याच्या शेजारी होतं. तो त्याला भीक घालत नव्हता, म्हणून चाललं होतं. ह्या शहाण्याने सीट काढली आणि त्याला आईच्या पायाशी नेऊन बसवलं.

दुसरा कोणी असता तर गाडी सोडून पळाला असता. हा वळला. त्या रिकाम्या पत्र्याकडे बघून बोलला. मोठ्याने बोलला.

"ए बाई. ऐक. ही गाडी माझी आहे. विकणार नाही. सोडणार नाही. रस्ता बदलणार नाही. सोमवारी येणार, गुरुवारी येणार, आई आहे तोवर येणार. तुला बसायचंय ना? बस. सीट उद्या परत लावतो, नवीन फोम घालून लावतो. पण तुझी जागा माझ्या शेजारी. धरायचं तर मला धर. तिचे पाय सोड."

शांत.

इंजिनाची घरघर तेवढी.

"सोड म्हणतो ना!"

...

"आई?"

...

"आई!"

आणि... टुंग.

टुंग. टुंग.

सीट नव्हती. वायर नव्हती. मी माझ्या हाताने तोडली होती. तरी घंटा वाजत होती, आणि मागे आईने पाय पोटाशी ओढून घेतले होते.

अडेलने गिअर टाकला. शेजारच्या बाजूचा हात मनगटापासून खांद्यापर्यंत गार पडला, म्हणाला. बर्फ. बोटं कळेनात. त्याच हाताने गिअर बदलत राहिला. घर येईपर्यंत घंटा वाजत होती आणि घर येईपर्यंत हा तिला शिव्या घालत होता. एकही परत वापरली नाही म्हणे.

सकाळी त्याने सीट बसवली. बोल्ट मी धरले. गाडी विकली नाही. पुढे चार वर्षं पळवली. दिवे मागे पडले की घंटा वाजायची, आणि हा म्हणायचा, "आलीस? बस." एकही डायलिसिस चुकलं नाही. म्हातारी पोराच्या हट्टावर चार वर्षं जगली, मी तर असंच म्हणेन.

पण त्या सकाळची गोष्ट राहिली. बोल्ट आवळून मी चहाला त्यांच्या घरात गेलो. काकू, म्हणजे अडेलची आई, खुर्चीत बसल्या होत्या, पाय स्टुलावर. किडनीच्या माणसाचे पाय सुजतात. त्या सुजेवर बोट दाबलं की खळगा पडतो, आणि जरा वेळाने आपोआप भरून येतो. काकूंच्या दोन्ही घोट्यांवर खळगे होते. बोटांचे. एकेक बोट वेगळं दिसत होतं.

मी म्हटलं, "काकू, पाय कोणी चेपून दिले?"

"चेपले नाहीत रे," त्या म्हणाल्या. "धरले होते. पडणारं माणूस धरतं ना, तसे."

मला वाटलं, भरतील दुपारपर्यंत. दुपारी भरले नाहीत. महिन्याने भरले नाहीत. डॉक्टरने दोनदा बघितलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा बघितलं आणि मलम लिहून दिलं.

चार वर्षांनी काकू गेल्या. झोपेत, आपल्या अंथरुणात. सकाळी मी गेलो तेव्हा अडेल पायाशी बसला होता. त्याने चादर वर केली. सूज पार उतरलेली, पायांच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या, कातडी हाडाला चिकटलेली.

खळगे होते तसेच होते.