तयार हात

बार्शीच्या एसटी स्टँडवर वजनकाट्याशेजारीच शरीरचित्राची खोली होती. आडवं व्हायचं, चुंबक खडखडायचा, आणि गाडी फलाटाला लागेपर्यंत डोक्यापासून टाचेपर्यंतचं चित्र मोबाइलवर हजर. पूर्वी म्हणे यासाठी नळकांड्यात तासभर निपचित पडावं लागे. आता लोक भेळ खायला थांबावं तसे थांबत.

गिरिजा कोठेचं चित्र तिसऱ्यांदा स्वच्छ आलं होतं, आणि तिच्या धाकट्या बहिणीला, दहावीतल्या शलाकाला, त्या स्वच्छपणाचाच संताप आला होता. अक्काच्या हातून कप निसटायचे, शर्टाची बटणं लागायची नाहीत. डॉक्टर म्हणायचे, "चित्रात काही नाही म्हणजे काही नाही. लग्नाचं टेन्शन असेल."

आई तर कौतुकच करायची. "माझ्या गिरिजाचा हात तयार झाला बघ. भाकरी नुसत्या बोटांनी उलटते, चटका म्हणून लागत नाही."

त्या रविवारी अक्का गप्पांच्या नादात तव्यावरची भाकरी दाबून बसली होती. करपल्याचा वास आला. भाकरी करपली नव्हती, बोटं करपली होती. अक्का अजून हसतच होती.

दुसऱ्याच दिवशी गावात डॉ. अनघा मिराशींचा सत्कार होता. जलद चित्रं स्वच्छ करणारी 'सावटपुसणी' ही प्रणाली त्यांची. मज्जापोकळी, म्हणजे मज्जारज्जूच्या आत पाणी साचून पडणारी पोकळी, हा आजार जिल्ह्यातून हद्दपार झाला म्हणून शाल आणि श्रीफळ. रात्रभर मोबाइलवर या आजाराची लक्षणं वाचलेली शलाका अक्काला ओढत थेट मंचामागे गेली.

"मॅडम, सावट म्हणजे काय?"

मिराशी खूश झाल्या. "रांगोळी काढतेस ना? सगळे ठिपके मांडायला वेळ लागतो. म्हणून यंत्र थोडेच ठिपके मांडतं आणि उरलेलं चित्र अंदाजाने काढतं. अंदाजात खोट्या रेघा उमटतात. ते सावट. लाखो चित्रं पाहून माझी प्रणाली खोटी रेघ ओळखते आणि पुसते."

"मज्जारज्जूत खोटी रेघ कशी दिसते?"

"मधोमध, उभी, पांढरी. हमखास."

"आणि मज्जापोकळी कशी दिसते?"

"मधोमध, उभी..." मिराशी शालीची घडी नीट करू लागल्या.

शलाकाने अक्काच्या हातावरची पट्टी सोडली. "हिला हे दुखत नाही. भाजलेलं न कळणं हे त्याच आजाराचं लक्षण ना? शाळेतल्या पोरीला सापडतं, तुमच्या यंत्राला नाही?"

"शलू, अगं हळू बोल," अक्का पुटपुटली.

"हळूच बोलत होतो आपण आजवर."

त्या दुपारी मिराशींनी स्टँडवरची खोली अडवली, पुसणी बंद केली आणि यंत्राला सगळे ठिपके मांडायला लावले. बाहेर रांग कुरकुरत होती. आत अक्का श्वास मोजून घेत पडून होती. अंदाजाला जागाच उरली नाही, तेव्हा जी रेघ उरेल ती खरी.

रेघ उरली. मानेपासून खाली, जाडजूड.

"पण आम्ही प्रणालीला दरवर्षी नवी चित्रं शिकवतो," मिराशी स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या.

"कुठली नवी?"

"स्टँडवरचीच."

"म्हणजे तुम्हीच पुसलेली. खाडाखोड करून तिलाच पुस्तक म्हणायचं."

अक्काने पहिल्यांदाच विचारलं, "माझे हात वाचतील का, मॅडम?"

"लवकर ऑपरेशन झालं तर. पण त्या ऑपरेशनचा विभागच बंद झालाय. शिकवणारेही निवृत्त झाले. रुग्णच राहिले नव्हते ना."

"रुग्ण होते," शलाका म्हणाली. "घरोघरी भाकऱ्या करत होते."

तिने खोलीचं दार ढकललं. समोरच्या खानावळीत चुलींपुढे बायकांची रांग बसली होती. मालक गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगत होता, "बघा आमच्या बायकांचे हात. चिमटा लागत नाही."

तापल्या तव्यांवरच्या भाकऱ्या सटासट उलटत होत्या. एकीचाही हात मागे येत नव्हता.