दाराबाहेरची आई

बितोल्या शहराजवळच्या हेराक्लेया या प्राचीन नगराच्या अवशेषांत दर ऑक्टोबरात एक काम ठरलेलं असे. गोठवणाऱ्या थंडीत पडक्या चर्चच्या फरशीवरची रंगीत खड्यांची चित्रं तडकू नयेत, म्हणून त्यांवर वाळू पसरायची. एकोणीस वर्षं हे काम लेन्काने केलं होतं. आज तिचा नोकरीचा शेवटचा दिवस.

सगळं चर्च ती झाकी, पण बाप्तिस्म्याच्या हौदाच्या खोलीत कधी पाऊल टाकत नसे. उंबऱ्याशी नुसती उभी राही; आतली वाळू दुसरं कुणी पसरे.

"मावशी, आत काय नाग बसलाय?" मेंदेने विचारलं. तो राजधानी स्कोप्येहून आलेला दगडांचा जाणकार, जिभेचा सैल.

"बाप्तिस्म्याला आईनं आत जायचं नसतं, बाबा. आत नाव ठेवतात, मग कुणीतरी धावत येऊन तिला सांगतं."

"पण इथं बाप्तिस्मा कुणाचा?"

लेन्काने फावडं त्याच्या हातात दिलं. एकेचाळीस वर्षांपूर्वी तिची मुलगी आठव्या दिवशी गेली. नवरा कम्युनिस्ट पक्षाचा माणूस, पाद्री दारात नको म्हणाला. लेकरू बिननावाचंच पुरलं. आठवण आली तरी हाक कोणत्या नावाने मारायची, हे दुःख लेन्काला पोरीच्या जाण्याहून जड जाई. म्हणून ती वेडी आशा धरून या दाराशी थांबे. उद्यापासून हे दारही नव्हतं.

मेंदे फावडं घेऊन आत गेला.

"मावशी, हौदातली जुनी वाळू ओली आहे."

ऑगस्टपासून पावसाचा थेंब नव्हता.

"आणि कोमट," तो म्हणाला. हसू लागला, पण हसणं मधेच थांबलं.

सब्ज्याचा वास आला. पाद्री ज्या जुडीने पाणी शिंपडतो, तिचा. मग पाणी ढवळल्याचा आवाज.

"मेंदे?"

लेन्का चौकटीला धरून आत वाकली, तरी तिने उंबरा ओलांडला नाही.

मेंदे धावत बाहेर आला. बाह्या कोपरापर्यंत निथळत होत्या.

"एवदोकिया! पोरीचं नाव एवदोकिया!" मग तो गोंधळला. "मावशी, मी आत्ता काय बोललो?"

"एवदोकिया," लेन्काने हळूच हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा. आणि ती पोटभर रडली.

मेंदेच्या मुठीत मऊ मेणाची गोळी होती. बाप्तिस्म्याच्या वेळी कापलेली बट पाद्री अशीच मेणात दाबतो. लेन्काने ती उन्हात धरली. केस तान्ह्या बाळाचे नव्हते. लांब, जाड, काळे होते, आणि त्यांत दोन पांढरे; एकेचाळीस वर्षांच्या बाईचे असावेत तसे.